ग्रीन डेचा पहिला अल्बम नेमका कोणता मानावा, आणि तो इतका किरटा का वाजतो?

एरंडवणेकर :

नमस्कार मंडळी.

२०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर झालेल्या लोलापलूझा महोत्सवात ग्रीन डे हा अमेरिकी पंक बँड भारतात पहिल्यांदा वाजला आणि तो ऐकायला मी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून गेलो होतो. या बँडविषयीचे माझे सगळे ज्ञान कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावर घेतलेल्या 'डूकी' या त्यांच्या १९९४ च्या अल्बमच्या एका कॅसेटवर उभे आहे. त्यामुळे परतताना लोणावळ्याच्या आसपास मुलीने "बाबा, यांचं अगदी पहिलं रेकॉर्डिंग कोणतं?" असे विचारले, तेव्हा मी छातीठोकपणे "डूकी" असे सांगून मोकळा झालो आणि पुढच्या दोन मिनिटांत तिने मोबाइलवर शोधून मला खोटे पाडले.

तेव्हापासून हा विषय आमच्या घरात मिटलेला नाही, म्हणून येथे धागा काढत आहे. माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली अशी, की गाण्यांच्या अ‍ॅपवर सर्वांत जुना अल्बम म्हणून '१,०३९/स्मूद्ड आउट स्लॅपी अवर्स' असे लांबलचक नाव दिसते, त्याचे साल १९९१ आहे आणि त्यात १९ गाणी आहेत. दुसरीकडे मात्र पहिला अल्बम '३९/स्मूद' असून तो १९९० चा आणि अवघ्या १० गाण्यांचा आहे, असे वाचायला मिळते. यांपैकी खरा पहिला कोणता, आणि मुलीच्या वाढदिवसाला तबकडी द्यायची झाल्यास कोणती घ्यावी?

दुसरी अडचण आवाजाची आहे. 'डूकी' लावली की गिटार अंगावर चालून येते. या जुन्या गाण्यांत मात्र गिटार रिकाम्या डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी भुणभुणते, ड्रम शेजारच्या वाड्यात वाजत असल्यासारखे वाटतात आणि एकूण आवाज किरटा लागतो. मुलगी म्हणाली, "हे मोबाइलवर रेकॉर्ड केलंय का?" तेव्हा मोबाइल नव्हते, एवढे उत्तर मला देता आले. अवघ्या तीन-चार वर्षांत त्याच बँडच्या आवाजात एवढा फरक पडण्याचे कारण काय असावे? पैसा, वय, स्टुडिओ, की गाणीच मुळात कच्ची होती?

फीतवेडा :

एरंडवणेकर, आधी हिशेब मांडतो, कारण या लांबलचक नावात खरोखर एक बेरीज दडलेली आहे.

१९८९ च्या वसंतात लुकआउट रेकॉर्ड्स या कॅलिफोर्नियातील छोट्या कंपनीने या बँडची '१,००० अवर्स' ही चार गाण्यांची सात इंची तबकडी काढली. १९९० च्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीने '३९/स्मूद' हा दहा गाण्यांचा, जेमतेम अर्ध्या तासाचा अल्बम मोठ्या तबकडीवर आणला आणि त्याच वर्षी 'स्लॅपी' ही चार गाण्यांची आणखी एक सात इंची तबकडी काढली. १९९१ मध्ये सीडी काढायची वेळ आली, तेव्हा एका सीडीवर हे सगळे आरामात मावते हे पाहून तिन्ही तबकड्या आणि एका संकलनासाठी दिलेले एक सुटे गाणे असा सगळा ऐवज एकत्र करण्यात आला. हजार अधिक एकोणचाळीस म्हणजे एक हजार एकोणचाळीस. दहा अधिक चार अधिक चार अधिक एक म्हणजे एकोणीस. नावातले उरलेले शब्दही तिन्ही शीर्षके एकत्र कालवून केलेली भेळ आहेत. तेव्हा पहिला अल्बम '३९/स्मूद' हाच आहे. आपण अ‍ॅपवर पाहता तो त्याचा समावेश असलेला संग्रह आहे.

या संग्रहाची एक गंमत बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्यात कालक्रम पाळलेला नाही. पहिली दहा गाणी अल्बमची, अकरा ते चौदा 'स्लॅपी'ची, आणि सर्वांत आधी मुद्रित झालेली १९८९ ची चार गाणी थेट पंधरा ते अठरा या क्रमांकांवर ढकललेली आहेत. सलग ऐकणाऱ्याला त्यामुळे असा भास होतो, की बँड जसजसा पुढे जात आहे तसतसा जास्त कच्चा होत आहे! मुलीला ऐकवताना आधी पंधरा ते अठरा, मग एक ते दहा, आणि मग अकरा ते चौदा असे ऐकवून पाहा. वर्ष-दीड वर्षात ही पोरे किती सरावली, ते कानाने कळेल.

खरेदीविषयी. २००५ मध्ये मानधनाची थकबाकी मिळत नसल्याने ग्रीन डेने आपली जुनी मुद्रणे लुकआउटकडून काढून घेतली, २००७ मध्ये ती रिप्राइज या त्यांच्या मोठ्या कंपनीमार्फत पुन्हा बाजारात आली आणि लुकआउट पुढे २०१२ मध्ये बंदच पडली. २००९ मध्ये तबकडीच्या रूपात जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात शहाणपणाची गोष्ट अशी केली होती, की संग्रह पुन्हा सुटा करून मूळ दहा गाण्यांची मोठी तबकडी आणि दोन सात इंची तबकड्या असा संच दिला होता. मिळाल्यास तोच घ्या. मूळ १९९० च्या छपाईच्या मागे लागू नका. मी वीस वर्षे बुधवार-रविवार जुन्या बाजारात तबकड्या उपसत आलो आहे. नाट्यसंगीत मिळते, रफी मिळतो, कधीमधी कोणा निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरातला जॅझचा गठ्ठाही हाती लागतो, पण लुकआउटची तबकडी मला तेथे एकदाही दिसलेली नाही.

तिसरी घंटा :

फीतवेड्यांचा हिशेब बिनचूक आहे, पण प्रश्न "पहिले रेकॉर्डिंग कोणते" असा होता आणि त्याचे उत्तर '३९/स्मूद' होत नाही. ते उत्तर '१,००० अवर्स' असे आहे. अल्बम पहिला कोणता, आणि बँडचा आवाज फितीवर पहिल्यांदा कधी उमटला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दादा, लोणावळ्याला मुलीने जे विचारले ते दुसऱ्या प्रकारचे होते.

मी मूळची नाटकातली, त्यामुळे या बँडची सुरुवात मला नेहमी आपल्याकडच्या एकांकिकांच्या गटांसारखी वाटते. गाणारा आणि गिटार वाजवणारा बिली जो आर्मस्ट्राँग आणि बेस वाजवणारा माइक डर्न्ट हे लहानपणापासूनचे मित्र होते, दोघेही १९७२ चे. १९८७ मध्ये त्यांनी बँड काढला तेव्हा त्याचे नाव स्वीट चिल्ड्रन असे होते. स्वीट बेबी या नावाचा दुसरा एक बँड त्याच परिसरात वाजवत असल्याने गोंधळ नको म्हणून पहिली तबकडी येण्याच्या सुमारास त्यांनी नाव बदलून ग्रीन डे केले. म्हणजे ज्या गाण्यांना आपण कच्ची म्हणत आहोत, ती लिहिणारी मुले सोळा-सतरा वर्षांची होती. '३९/स्मूद' मुद्रित झाला तेव्हा दोघांनाही अठरावे वर्ष पूर्ण झालेले नव्हते, आणि तो बाजारात येण्याच्या दोन महिने आधी, अठराव्या वाढदिवसाच्या तोंडावर, आर्मस्ट्राँगने शाळा सोडून दिली होती. आपल्या मुलीला हे सांगा; मात्र शाळा सोडल्याचा भाग सांगावा की नाही, ते आपण ठरवा.

या मुलांना उभे राहायला जागा मिळाली ती बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या ठिकाणी. १९८६ च्या अखेरच्या रात्री सुरू झालेली ही जागा नफ्यासाठी चालवली जात नव्हती. तेथे काम करणारे स्वयंसेवक होते, सभासदत्व वर्षाला दोन डॉलर होते, दारूला मज्जाव होता आणि त्यामुळेच शाळकरी मुलांनाही आत येता येत असे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर ज्यांनी प्रयोग केले आहेत त्यांना अशा जागेचे मोल निराळे सांगायला नको. प्रेक्षक दोन हातांवर बसलेला असतो, चूक झाली की ती लपत नाही, आणि मोठ्या नाट्यगृहात जे चार वर्षांत शिकायला मिळाले नसते ते तेथे एका हंगामात शिकायला मिळते. १९८९ च्या मे महिन्यात ऑपरेशन आयव्ही या त्या वर्तुळातल्या लाडक्या बँडचा शेवटचा कार्यक्रम गिलमनमध्ये झाला, त्या रात्री ग्रीन डेही वाजले होते. 'स्लॅपी'वरचे चौथे गाणे ऑपरेशन आयव्हीचेच आहे. वारसा सांगण्याची ही त्यांची पद्धत.

लुकआउटचे लॅरी लिव्हरमोर यांनी या मुलांना पहिल्यांदा ऐकले ते डोंगराळ भागातल्या एका घरात, वीज नसताना, मूठभर पोरांसमोर. समोर पाच श्रोते असोत की पन्नास हजार, ही मुले तशाच जिद्दीने वाजवतील, असे वाटून त्यांनी तबकडी काढायचे ठरवले. मला हा प्रसंग पाठ आहे, कारण आमच्या गटाच्या पहिल्या प्रयोगाला अकरा प्रेक्षक होते आणि त्यांतले चार जण पावसामुळे आडोशाला आलेले होते.

गाणी कच्ची होती का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम "नाही" असे आहे. अल्बमचे पहिलेच गाणे घ्या. ग्रंथालयात एक मुलगी दिसते, मुलगा तिच्याकडे पाहत राहतो, बोलायचे धाडस होत नाही, ती मित्राबरोबर निघून जाते; अडीच मिनिटांत सगळा मामला संपतो. जयकर ग्रंथालयात ज्यांनी एमएची दोन वर्षे काढली आहेत, त्यांनी हा प्रकार परदेशी आहे असे म्हणून दाखवावे.

ध्वनिमिश्रक :

आवाजाच्या प्रश्नावर कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. मी गेली पंधरा वर्षे पुण्यात नाटके आणि तरुण बँड यांचे ध्वनिमुद्रण करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

'३९/स्मूद'चे मुद्रण सॅन फ्रान्सिस्कोतल्या आर्ट ऑफ इयर्स या स्टुडिओत, अँडी अर्न्स्ट या मुद्रकाबरोबर, १९८९ चे शेवटचे आणि १९९० चे पहिले दिवस अशा नाताळनंतरच्या थोड्या दिवसांत झाले. खर्च सातशे डॉलरच्या आत बसला. हा आकडा ऐकून लोक यंत्रांविषयी बोलू लागतात, पण स्टुडिओच्या हिशेबात पैसा म्हणजे तास, आणि तास कमी असले की आपण कशावर पाणी सोडतो, हे पाहिले पाहिजे.

सर्वप्रथम पाणी सोडावे लागते ते ड्रमवर. ड्रमचा आवाज चांगला यावा म्हणून एकेका वाद्याचे कातडे ताणून सूर जुळवणे, प्रत्येकासमोर मायक्रोफोन कोणत्या अंतरावर आणि कोणत्या कोनात ठेवायचा ते पाहणे, मग ऐकून पुन्हा हलवणे, यांत अनुभवी माणसाचाही अर्धा दिवस जातो. चार-पाच दिवसांत अख्खा अल्बम उरकायचा असेल तर हा अर्धा दिवस कोणी देत नाही. दुसरी गोष्ट गिटारची. रेकॉर्डवर गिटार भरदार वाटते, तेव्हा ती बहुधा एक गिटार नसते. तोच भाग पुन्हा पुन्हा, अगदी तसाच वाजवून एकावर एक थर चढवलेले असतात, आणि माणसाच्या हातून दोनदा वाजवताना जो सूक्ष्म फरक राहतो त्यातून ती रुंदी येते. थर चढवायचे म्हणजे वादकाने तेच गाणे चार वेळा बिनचूक वाजवायचे आणि मुद्रकाने चार वेळा ऐकायचे. तिसरी गोष्ट मिक्सिंगची : दहा गाणी एका बैठकीत मिसळायची असतील तर पहिल्या गाण्याला बसवलेले प्रमाण थोड्याफार फरकाने दहाव्यापर्यंत जाते, आणि मिसळणाऱ्याचे कान शेवटच्या तासाला थकलेले असतात. थकलेल्या कानाला तीक्ष्ण आवाज तीक्ष्ण वाटेनासा होतो, म्हणून तो नकळत आणखी तीक्ष्ण केला जातो. एरंडवणेकरांची गांधीलमाशी बहुधा येथेच जन्मली.

पण सगळे खापर वेळेवर फोडणे मला पटत नाही, आणि सुदैवाने या बँडच्या बाबतीत आपल्याला पडताळाही पाहता येतो. त्यांचा दुसरा अल्बम 'करप्लंक' १९९१ मध्ये त्याच आर्ट ऑफ इयर्स स्टुडिओत, त्याच अँडी अर्न्स्टबरोबर, त्याच छोट्या कंपनीसाठी मुद्रित झाला. तो ऐका. 'डूकी'च्या जवळपासही तो जात नाही, तरीही '३९/स्मूद'पेक्षा कितीतरी भरीव वाटतो. स्टुडिओ तोच आणि मुद्रकही तोच असताना फरक कशाने पडला? मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या : मुलांच्या गाठीला शेकडो तासांचे वाजवणे जमा झाले होते, आणि ड्रमवरचा माणूस बदलला होता. जॉन किफमायर १९९० मध्ये पुढच्या शिक्षणासाठी गेला आणि त्याच्या जागी ट्रे कूल आला, जो त्याआधी लिव्हरमोर यांच्याच द लुकआउट्स या बँडमध्ये वाजवत असे.

पुढचा पडताळा याहून नेमका आहे. 'वेलकम टू पॅरडाइज' हे गाणे आधी 'करप्लंक'वर आहे आणि तेच पुन्हा नव्याने मुद्रित करून 'डूकी'वर घेतलेले आहे. गाणे तेच, वादकही तेच तिघे. दुसऱ्या वेळी मात्र बर्कलीतला फँटसी स्टुडिओ होता, रॉब कॅव्हॅलो हा निर्माता होता, हाताशी सुमारे तीन आठवडे होते, आणि मिश्रण मनासारखे न झाल्याने ते पुन्हा करून घेण्याची ऐपत होती. या दोन मुद्रणांत जो फरक ऐकू येतो तो पैशाचा आणि वेळेचा. आणि '३९/स्मूद' व 'करप्लंक' यांच्यात जो ऐकू येतो तो सरावाचा आणि ड्रमरचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे चारही तुकडे एकापाठोपाठ एक ऐकवतो आणि मग "सर, महागडा मायक्रोफोन घ्यायचाय" हे वाक्य निदान महिनाभर तरी माझ्या कानी पडत नाही.

आता '३९/स्मूद'मध्ये काय चांगले ऐकू येते तेही सांगतो, कारण तो वाईट मुद्रणाचा नमुना आहे असा समज येथून कोणी घेऊन जाऊ नये. मोबाइलच्या बोटभर स्पीकरवर या अल्बमचा निम्मा भाग हरवतो. साधा का होईना, पण हेडफोन लावून बेस, म्हणजे खर्जातली गिटार, ऐका. इतर अनेक पंक बँडमध्ये बेस हा मुख्य गिटारचीच सावली धरून चालतो. माइक डर्न्टचा बेस त्या वयातही गिटार एका जागी थांबलेली असताना स्वतःची चाल चालतो, आणि गिटारचा आवाज पातळ असल्यामुळेच तो जास्त स्पष्ट दिसतो. दुसरे म्हणजे कडव्यांच्या शेवटी येणारा दुसरा गळा. त्यात सफाई कमी आहे, पण दोघांचे सूर एकमेकांशी कुठे भेटायचे ते आधीच ठरलेले आहे. पॉप-पंकमध्ये 'पॉप' कोठून येतो असे कोणी विचारले, तर मी वेगाकडे किंवा केसांच्या रंगाकडे न जाता या दोन गळ्यांकडे बोट दाखवीन.

कसब्यातला ढोलवाला :

ध्वनिमिश्रक सर, बाकी सगळे मान्य, पण किफमायरवर आपण अन्याय करत आहात. मी स्वतः कॉलेजात ड्रम आणि गणपतीत ढोल असे दोन्ही वाजवले आहे, आणि ड्रमर बदलला म्हणून आवाज सुधारला हे वाक्य ऐकले की माझे रक्त तापते, कारण बँडमध्ये काहीही बिनसले तरी आधी ड्रमरकडेच पाहिले जाते.

किफमायर या दोघांपेक्षा वयाने दोन-तीन वर्षांनी मोठा होता आणि त्याआधी आयसॉक्रसी या बँडमध्ये वाजवत असे. हा बँड गिलमनमध्ये कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षकांवर कचऱ्याचा वर्षाव करण्यासाठी प्रसिद्ध होता. एल सोब्रांटे या आपल्या गावाच्या नावावर कोटी करून त्याने स्वतःचे टोपणनाव अल सोब्रांटे असे ठेवले होते. गिलमनमध्ये सगळे ओळखत असलेला, कार्यक्रम कसे ठरवायचे आणि दौरा कसा आखायचा हे जाणणारा, या दोन पोरांच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस तो होता. '३९/स्मूद'वरच्या तिसऱ्या गाण्याचे शब्दही त्याचे आहेत. आणि तो निघून गेल्यानंतर निघालेल्या 'करप्लंक'च्या श्रेयनामावलीतही त्याचे नाव कार्यकारी निर्माता म्हणून आहे. तेव्हा "ड्रमरचा फरक" म्हणताना त्याने काय दिले तेही जमेच्या बाजूला धरा.

वाजवण्याविषयी बोलायचे तर त्याचा हात हार्डकोरच्या, म्हणजे अधिक वेगवान आणि आक्रमक पंकच्या, घडणीचा आहे : सरळ रेषेत, पुढे रेटणारा. ट्रे कूल मधल्या जागा भरतो आणि गाण्याला उसळी देतो, हे खरे. पण या दहा गाण्यांना उसळीपेक्षा रेटा जास्त शोभतो, असे माझे मत आहे. ग्रंथालयातल्या त्या लाजऱ्या मुलाच्या गाण्यात मधल्या जागा भरायला कोणाला वेळ आहे?

ध्वनिमिश्रक :

ढोलवाले, आपली तक्रार रास्त आहे. माझे वाक्य "ड्रमर बदलला आणि त्यामुळे बँडचा ताल वेगळ्या घडणीचा झाला" असे हवे होते. मात्र फितीवर ड्रम कसा उतरतो याचा विचार करता, ज्याचा प्रत्येक ठोका सारख्या जोराने पडतो त्याचे मुद्रण घाईतही बरे होते, आणि या बाबतीत ट्रे कूल सरस आहे, एवढे मी अजूनही म्हणेन. '३९/स्मूद'च्या काही गाण्यांत भरणीच्या जागी, म्हणजे दोन ओळींमधली जागा ड्रमर भरून काढतो तेथे, ठोके दबतात. ते मुद्रकाचे काम नव्हे.

तिसरी घंटा :

एक भर घालते. ध्वनिमिश्रकांनी पडताळ्यासाठी दोन अल्बम निवडले, पण 'करप्लंक'च्या सीडीच्या शेवटी आणखी चार गाणी जोडलेली आहेत. ती १९९० मध्ये मिनीॲपोलिसच्या स्कीन रेकॉर्ड्सने काढलेल्या 'स्वीट चिल्ड्रन' या छोट्या तबकडीची, म्हणजे किफमायरच्या काळातली आहेत; बँडने आपले टाकून दिलेले नाव तबकडीला दिले होते. त्यामुळे एकाच सीडीवर आधी नवा ड्रमर आणि मग जुना ड्रमर असे ऐकायला मिळतात. येथेही कालक्रम उलटाच, फीतवेडे!

आणि ढोलवाले म्हणतात त्या रेट्याविषयी मी त्यांच्या बाजूने आहे.

एरंडवणेकर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढी उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते.

गेल्या गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती, इंटरनेटही बंद होते, त्यामुळे मुलीच्या मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेली गाणी आणि दोघांत एक हेडफोन अशा स्थितीत आम्ही फीतवेड्यांनी सांगितलेला क्रम पाळला. पंधरा ते अठरा ही गाणी ऐकताना ती फारशी बोलली नाही. मग पहिल्यापासून सुरुवात केली, आणि ढोलवाल्यांचे तिसरे गाणे संपल्यावर तिने ते मागे नेऊन पुन्हा लावले. ध्वनिमिश्रकांनी सांगितलेला बेस मला दोनदा ऐकूनही सापडत नव्हता. तो तिने बोटाने मांडीवर वाजवून दाखवला, तेव्हा सापडला. तिसऱ्यांदा ऐकताना मात्र दुसऱ्या गळ्याच्या जागा मला तिच्याआधी कळल्या, याची नोंद व्हावी.

'वेलकम टू पॅरडाइज'ची दोन्ही मुद्रणे वीज आल्यावर घरातल्या मोठ्या स्पीकरवर लागोपाठ लावली. मी मनातल्या मनात 'डूकी'ला मत देऊन टाकले होते. मुलीचे म्हणणे असे पडले, की 'डूकी'तला मुलगा आधीच जिंकलेला वाटतो आणि 'करप्लंक'मधल्याला अजून भाडे भरायचे आहे. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

तबकड्यांचा तो २००९ चा संच शोधत आहे. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही, वडिलांचा जुना माळ्यावर आहे, त्याची सुई गेलेली आहे आणि पट्टा सैल झालेला आहे. पुण्यात अशा प्लेअरची दुरुस्ती करणारे कोणी माहितीतले असल्यास फीतवेड्यांनी कृपया कळवावे. वाढदिवसाला अजून पाच आठवडे आहेत.

फीतवेडा :

व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. पट्टा कोणत्या लांबीचा लागेल हे दुकानात विचारतील, म्हणून जुना फेकू नका, सोबत घेऊन जा.